हॉट प्रेसमधलं पिंप

आयर्लंडमध्ये मी तऱ्हेवाईक माणसं काही कमी पाहिली नाहीत. पण घरातल्या टॉवेलांच्या कपाटात तीस लिटरचं पिंप ठेवून, रोज सकाळी त्याचं झाकण उघडून, आत वाकून पाहत गंभीर आवाजात "कसं वाटतंय?" असं विचारणारा माणूस या बेटावर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. नात्याला आता इलाज नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे सोलापूरचे, पेशाने भूल देणारे डॉक्टर, आणि गेली कित्येक वर्षं इथे पोर्टलीशच्या हॉस्पिटलात लोकांना झोपवण्याच्या नोकरीवर. मी त्याच गावात, दोन हाउसिंग इस्टेटी सोडून राहतो आणि रोज ट्रेनने डब्लिनला जाऊन सॉफ्टवेअरमधलं काहीतरी करतो. काय करतो, ते साडूंनी मला आजतागायत विचारलेलं नाही. समोरचा माणूस नीट श्वास घेतोय एवढं कळलं की त्याच्याविषयीचं त्यांचं कुतूहल संपतं.

साडूंना बोलायचं वावडं आहे असं नाही, पण त्यांची बोलायची सवय जागेपणीच्या माणसांसाठी नाही. आयुष्यभर ते लोकांशी दोनच वाक्यं बोलत आले आहेत, एक "दहापासून उलटे आकडे मोजा" आणि दुसरं, काही तासांनी, "कसं वाटतंय?" मधल्या वेळात जे काही घडतं ते दुसऱ्यांचं काम. त्यामुळे रोजच्या व्यवहारासाठी त्यांनी या देशाकडून एक शब्द उचलला आहे, तो म्हणजे "ग्रँड". इथे लोक येताजाता तो वापरतात, पण साडूंनी त्यावर संसार केला आहे. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गाडी गेटवर घातली तेव्हा ते म्हणाले, "ग्रँड." मला मुलगा झाला तेव्हा मी हर्षभराने फोन केला, तर पलीकडून प्रश्न आला, "लगेच रडला का?" मी हो म्हणालो. "ग्रँड," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बसायचीही त्यांची एक ठरलेली जागा आहे. कुणाच्याही घरी गेले तरी ते सोफ्यावर बसत नाहीत. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून सोफ्याच्या मागे, यजमानाच्या डोक्याच्या बाजूला नेऊन बसतात. ऑपरेशनमध्ये भूल देणाऱ्याची जागा तिथे असते, आणि माणूस समोरून कसा दिसतो याची त्यांना फारशी सवय नाही. आमच्याकडे दिवाळीच्या जेवणानंतर माझे सासरे सोफ्यावर पेंगले, तर साडूंचा चेहरा त्या संध्याकाळी प्रथमच उजळला आणि ते घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजू लागले.

अशा माणसाला आफ्रिकेतल्या कापडरंगाईचं वेड लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याला कारण झाल्या आंटी. आंटी म्हणजे साडूंच्याच ऑपरेशन थिएटरमधल्या नर्स, नायजेरियाच्या आबेओकुटा गावच्या, साठी उलटलेल्या, आवाजाने भारदस्त. सर्जनपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे त्यांना आंटीच म्हणत. एका ख्रिसमसच्या पार्टीला त्या एक निळंशार वस्त्र लुंगीसारखं गुंडाळून आल्या. गडद निळ्यावर पांढरट रेघांनी काढलेले मासे, चाव्या, छत्र्या, चंद्र. साडू हातातला ग्लास घेऊन त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले, पाच मिनिटं ते कापड न्याहाळलं, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत प्रथमच कामाबाहेरचा प्रश्न विचारला, "हे किती मिनिटं बुडवलं?" आंटींनी वळून त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ते मिनिटांचं काम नाही, ओ."

या कापडाला त्यांच्याकडे आदिरे म्हणतात. रीत सांगायला सोपी आहे. पांढऱ्या सुती कापडावर कसाव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ कोंबडीच्या पिसाने लावून चित्रं काढायची, खळ कडकडीत वाळली की कापड निळीच्या पिंपात बुडवायचं, बाहेर काढायचं, वारा द्यायचा, पुन्हा बुडवायचं. जिथे खळ आहे तिथे रंग चढत नाही. शेवटी खळ खरवडून काढली की चित्र पांढरं उमटतं. आंटींची आई हे करायची, आजी करायची. पिंप जिवंत असतं असं त्या मानतात, आणि ते खोटंही नाही, कारण निळीची पानं राखेच्या पाण्यात आंबवावी लागतात आणि तळाचा गाळ विरजणासारखा जपून नव्या पाण्याला लावावा लागतो. आंटींच्या बरणीतलं विरजण त्यांच्या आजीच्या रांजणातून आलेलं होतं. आजीचा एक दंडकही बरणीबरोबर आला होता. पिंपाजवळ कुणीही आवाज चढवायचा नाही. चढवला तर पिंप रुसतं आणि रंग देत नाही. साडूंना हा नियम फारच पटला. थिएटरमधल्या सर्जन लोकांनाही तो लावावा असं त्यांचं मत पडलं.

आंटींनी दिलेल्या वाटीभर गाळातून साडूंनी पहिलं पिंप परसातल्या शेडमध्ये लावलं. नोव्हेंबर होता. तीन आठवड्यांत पिंप थंडीने गेलं. साडूंनी त्याचं तापमान शेवटचं पाहिलं, वहीत वेळ लिहिली, आणि ताईंना आत येऊन खालच्या आवाजात सांगितलं, "आम्ही शक्य ते सगळं केलं." आंटींकडून पुन्हा वाटीभर गाळ आणून दुसऱ्या पिंपासाठी त्यांनी घरातली सगळ्यात उबदार जागा शोधून काढली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं ते हॉट प्रेस. घरोघरी त्यात टॉवेल आणि चादरी उबेला ठेवतात. साडूंनी टॉवेल वरच्या फळीवर चढवून खाली पिंप बसवलं आणि दाराला आतून एक तक्ता अडकवला. सकाळ-संध्याकाळचं तापमान, फेसाचा रंग, वास, आणि शेवटचा रकाना "एकंदर प्रकृती". आंबलेल्या निळीचा वास मी इथे लिहून सांगणार नाही. माझी बायको बहिणीकडे आठ महिने गेली नाही, एवढं पुरे आहे. साडूंच्या मुलीने मात्र बापाचा स्वभाव उचलला असावा. ती रोज आंघोळीहून बाहेर येऊन जिन्यावरून शांतपणे जाहीर करायची, "डॅड, द टॉवेल्स आर ब्लू अगेन," आणि खालून उत्तर यायचं, "ग्रँड."

खरा गमतीचा भाग वेगळाच होता. माणूस निळा पडू नये यासाठी ज्याने उभी हयात घालवली, तो आता कापड निळं पडेना म्हणून हवालदिल होऊ लागला. कापड पिंपातून बाहेर येतं तेव्हा पिवळट हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. ते होत असताना साडू श्वास रोखून उभे राहत. परसात दोरीसमोर हात मागे बांधून एक काळासावळा गृहस्थ टपकणाऱ्या फडक्याला "ये, ये, ये" असं पुटपुटतोय, हे दृश्य शेजारच्या म्हाताऱ्या आयरिश बाईंनी कुंपणावरून पुष्कळदा पाहिलं. शेवटी त्यांनी मला रस्त्यात गाठून हळूच विचारलं, "इज युवर मॅन ऑल राइट?" म्हणजे, ते गृहस्थ बरे आहेत ना? मी म्हणालो, ते डॉक्टर आहेत. बाईंना ते पुरेसं वाटलं, आणि तेव्हापासून त्या आपल्या कोंबड्यांची गळालेली पिसं जमवून पाकिटात घालून दारात ठेवू लागल्या. फ्रिजमधल्या खळीच्या डब्याचा प्रश्न ताईंनी सोडवला. खळ टिकावी म्हणून साडू तिच्यात विषारी मोरचूद घालत, म्हणून फ्रिजमध्ये निळसर असं जे काही असेल त्यावर ताईंनी "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावली. एकदा चुकून ती चिठ्ठी दुधीच्या भाजीवर गेली आणि तीन दिवस कुणी तिला हात लावला नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की साडूभाऊ, हे सगळं कशासाठी? आम्ही दोघं गाडीत होतो, बाहेर नेहमीची भुरभुर चालू होती. मला वाटलं, "ग्रँड" येणार. पण ते म्हणाले, "आमच्या कामाचं काही उरत नाही. माणूस झोपतो, उठतो, आपण त्याला आठवतही नाही. आठवलो तर चौकशी बसते." वायपर चार वेळा हलला. "हे उरतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एका दमात निघालेली एवढी वाक्यं मी पूर्वी ऐकली नव्हती. मी हीटर लावला.

दोन वर्षं अशी गेली आणि आंटी निवृत्त झाल्या. नायजेरियाला कायमच्या परत जायचं ठरलं. प्रश्न आला त्यांच्या स्वतःच्या मोठ्या पिंपाचा. विद्या त्यांच्याकडे आईकडून मुलीकडे जाते. आंटींना दोन मुली. एक कॉर्कला, एक लंडनला, दोघींनाही या वासाचं काडीचं प्रेम नव्हतं. गावाकडचा रांजण तर आजीबरोबरच संपलेला. साडूंना दिलेलं वाटीभर विरजण हे शिकण्यापुरतं होतं. जाताना तेही परत घेऊन मोठ्या पिंपासकट आपल्या परसातल्या सफरचंदाच्या झाडाच्या मुळाशी ओतून टाकायचं, असं आंटींनी ठरवलं. वारस नसलेलं पिंप परक्याच्या घरी ठेवू नये, हा आजीचाच आणखी एक दंडक. साडूंनी विचारलं, "मी ठेवू का?" आंटी म्हणाल्या, "डॉक्टर, तू चांगला विद्यार्थी आहेस. पण हे आईच्या हातून येतं. तुला कुठून आलं म्हणून सांगू?" मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "माझ्या निरोपाच्या दिवशी मला नेसायला एक पूर्ण वस्त्र आण. सगळं तुझ्या घरात झालेलं. मग बघू."

पूर्ण वस्त्र म्हणजे दोन लांब तुकडे मध्ये शिवून जोडलेले. साडूंनी रजा काढली. फूटपट्टी, कंपास आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन तीन आठवडे ते दिवाणखान्यात जमिनीवर पालथे होते. चौकोनामागून चौकोन, प्रत्येक माशाला सारखेच खवले, प्रत्येक चावीला सारखेच दात. जूनच्या एका शुक्रवारी दोन्ही तुकडे खळीने कडक होऊन तयार झाले, एक वरच्या बेडरूममध्ये, एक खाली कपडे वाळवायच्या स्टँडवर. शनिवारी बुडवायचे, रविवारी दुपारी निरोप.

त्याच आठवड्यात साडूंच्या आई सोलापूरहून आल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. ऐंशीच्या घरातल्या, काटक, आणि रिकामं बसणं हा अपराध मानणाऱ्या. साडूंनी त्यांना पिंप दाखवलं होतं, खळही दाखवली होती. कसाव्हा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तोच, हे कळल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हंजे उपासाला चालतंय की," आणि ताईंनी घाईघाईने चिठ्ठीकडे बोट दाखवलं. पण त्या कापडाचं पुढे काय होणार ते मावशींना कुणी नीट सांगितलंच नाही, कारण सांगण्याचं काम साडूंचं होतं. शनिवारी सकाळी साडू शेडमध्ये बुडवायची तयारी करत होते, पिंप नुकतंच उचलून तिथे नेलं होतं, आणि मी ते उचलायला हात लावायला गेलेलो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मावशी शेडच्या दारात आल्या. हातात बादली, बादलीत स्वच्छ धुऊन पिळलेलं पांढरं कापड. एकही मासा नाही, एकही चावी नाही.

"घे रे," मावशी म्हणाल्या. "कसली दाट खळ लावलास! दोन पाण्यात निघाली. येवढा मोठा डॉक्टर झालास, आन् आधी नीळ मग खळ, येवढं कळंना की तुला!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे धोतर असो की पांढरी साडी, आधी धुणं, मग नीळ, आणि सगळ्यांत शेवटी खळ. साठ वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पोराने क्रम उलटा केला, परक्या मुलखात त्याला सांगायला कुणी नाही, म्हणून आईने तो निस्तरून दिला. दुसरा तुकडा वरच्या मजल्यावर होता आणि मावशींचे गुडघे दुखत होते, म्हणून तेवढा वाचला.

साडूंचा चेहरा मी पाहिला आणि मागे सरलो. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांची नजर पिंपावर गेली, आणि तोंड मिटलं. पिंपाजवळ आवाज चढवायचा नाही. ते आमच्या दोघांच्या मधून वाट काढून घराला वळसा घालून पुढे गेले, दारातल्या गाडीत बसले, दार लावलं, काचा वर केल्या. पुढची काही मिनिटं मी त्यांना काचेतून पाहत होतो. ओठ हलत होते, हात हलत होते, एकदा हॉर्नही वाजला. शेजारच्या बाई पिसांचं पाकीट घेऊन फाटकात आल्या होत्या, त्या तशाच परत गेल्या. मग साडू खाली उतरले, शर्ट नीट केला, शेडमध्ये आले आणि आईला म्हणाले, "ग्रँड."

पण मावशी काही त्या शब्दावर वाढलेल्या नव्हत्या. ताईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं आणि बाई मटकन खुर्चीत बसल्या. तीन आठवड्यांचं काम, उद्याचा दिवस, त्या बाईंचं पिंप. "माझ्याच हातानं वाटोळं झालं की गं," एवढंच म्हणाल्या आणि चहाही घेईनात. साडू शेडमध्ये पाठ करून उभे होते. मला वाईट वाटलं ते दोघांचंही. एकमेकांवर इतकी माया असलेली आणि ती बोलून दाखवायला इतकी नालायक माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत.

तासाभराने मावशी उठल्या. शेडच्या भिंतीवर आंटींनी नमुन्याला दिलेलं एक जुनं फडकं टांगलेलं होतं, निळ्यावर नुसती पांढरी वलयं. मावशींनी ते बोटांनी चाचपलं, उलटं करून पाहिलं. "ह्ये खळीचं नव्हं," त्या म्हणाल्या. "ह्यात कायतरी बांधलंय. पुरचुंड्या मारल्यात." मटकीला मोड आणायला आयुष्यभर पुरचुंड्या बांधलेल्या बाई त्या, त्यांना कळायला वेळ लागला नाही. खरोखरच आदिरेची ती दुसरी रीत आहे. त्यात बिया नाहीतर खडे बांधतात. मावशींनी ताईंना हाक मारली, "हरभरे हायत का घरात?"

हरभरे होते. आम्ही चौघं बसलो. साडू अंतरं आखायला फूटपट्टी घेऊन आले, तर मावशी म्हणाल्या, "पट्टी ठेव तिकडं." मग कळलं की साडूंना गाठ मारता येत नाही. ते सर्जनचं काम. यांनी आयुष्यभर ते डोक्याच्या बाजूने नुसतं पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाची बोटं मावशींनी आपल्या हातात धरली, हरभरा कापडात धरायला लावला, दोरा तीनदा गुंडाळून घेतला. "आता आतनं काढ. हां. वढ." पायजम्याची नाडी बांधायलाही मावशींनीच शिकवलं असणार, असं माझ्या मनात आलं, आणि साडूंच्याही आलं असावं. गाठी ज्याच्या त्याच्या होत्या. माझ्या आपोआप सुटत, ताईंच्या फुलासारख्या, साडूंच्या फाशीसारख्या. मावशींची गाठ मात्र बघताक्षणी ओळखू यायची, त्या दोऱ्याचं टोक आत खोचून टाकायच्या. जूनचा दिवस, इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवणं विसरून आम्ही बांधत राहिलो आणि मग दोन्ही तुकडे पिंपात बुड्या मारत राहिले. मावशींनी रबरी हातमोजे घालायला साफ नकार दिला. त्यांचे हात मनगटापर्यंत निळे झाले.

रविवारी सकाळी गाठी सोडल्या, आणि नवीनच घोळ झाला. साडूंनी बांधताना अर्थातच मोजलं होतं. सहाशे बारा. सुटलेले हरभरे भरले सहाशे अकरा. ज्या खोलीत हा माणूस काम करतो तिथे ऑपरेशनच्या शेवटी कापसाचा बोळा अन् बोळा मोजतात आणि आकडा जुळल्याशिवाय पोट शिवत नाहीत. साडूंनी सोफा उलटा केला. "पडला असंल कुठंतरी," मावशी म्हणाल्या, "हरभराच हाय, पोर नव्हं." इकडे ताईंनी मशीनवर दोन्ही तुकडे जोडून टाकलेही होते. साडू काउंट जुळला नाही, काउंट जुळला नाही असं पुटपुटत गाडीत बसले.

निरोपाचा समारंभ गावातल्या एका हॉलमध्ये होता. आंटींचं सगळं गणगोत एकाच ताग्यातल्या पिवळ्या कापडाचे कपडे घालून आलेलं, भाताचे ढीग, ढोलकी. साडूंनी घडी पुढे केली. आंटींनी ती टेबलावर पसरली. एक अर्धं मासे-चाव्यांचं, रेघ अन् रेघ मोजलेली. दुसरं अर्धं नुसत्या चंद्रांचं, लहानमोठे, वाकडेतिकडे, कुठे दाटीवाटीने, कुठे एकटे. आंटींनी पहिल्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हे तू केलंस. घाबरत केलंस." मग दुसऱ्यावर हात ठेवून विचारलं, "हे कुणी केलं?"

साडूंनी सांगितलं. सगळं सांगितलं, खळ धुतल्यापासून. लपवून ठेवणं त्यांना जमत नाही. आंटींचं पिंप आता झाडाच्या मुळाशी जाणार हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आंटी ऐकत होत्या, पण पाहत होत्या मावशींकडे. मावशी इरकली साडीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, हात त्याच्या आत लपवून बसल्या होत्या. आंटी त्यांच्यापुढे गेल्या, पदरातून त्यांचे हात बाहेर काढले, आणि त्या मनगटापर्यंत निळ्या हातांशेजारी आपले हात धरले. आंटींचीही नखं निळी होती, ती कायमचीच. मग ती भारदस्त बाई भर हॉलमध्ये मावशींसमोर गुडघ्यांवर बसली. वडीलधाऱ्या बाईला त्यांच्याकडे असाच नमस्कार करतात. मावशी गडबडल्या. "उठा बाई, उठा, अवो गुडघं दुखतील," म्हणून त्यांना ओढू लागल्या, आणि आंटींना त्यातलं अक्षर न कळूनही त्या हसत होत्या. उठून साडूंना म्हणाल्या, "दोन वर्षं तू माझ्याकडे येतोस. आज तुझ्या आईला घेऊन आलास. पिंप घेऊन जा."

साडू म्हणाले, "एक हरभरा कमी आहे."

त्यानंतर दोन हिवाळे गेले. मावशी सोलापूरला परतल्या आणि गेल्या जानेवारीत तिथेच गेल्या, झोपेत. साडू तेरा दिवस तिकडे होते. मोठं पिंप आता हॉट प्रेसमध्ये असतं, लहान शेजारी, आणि या तेरा दिवसांत त्या दोघांची जबाबदारी माझ्यावर होती. मी रोज ऑफिसला जाण्यापूर्वी तिथे जाऊन तापमान लिहीत होतो, आणि घरात कुणी ऐकत नाही असं पाहून प्रश्नही विचारत होतो. तक्त्यात तसा रकानाच होता.

साडू परत आले त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. त्यांनी कोटही काढला नव्हता, तेवढ्यात आंटींचा आबेओकुट्याहून व्हिडिओ कॉल आला. मावशींची बातमी त्यांना कळलेली होती. मग त्यांनी ते वस्त्र कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याच दिवशी धुताना मधली शिवण थोडी उसवली होती. शिवणीच्या आत, दोन तुकड्यांच्या मध्ये दबलेली, एक छोटी गाठ होती. दोऱ्याचं टोक आत खोचलेलं.

"डॉक्टर," आंटी म्हणाल्या, "काउंट इज करेक्ट." आणि मग, "सोडू का?"

साडू पडद्याच्या अगदी जवळ गेले. "नको," ते म्हणाले. "राहू दे."

फोन ठेवून ते जिना चढून वर गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी हॉट प्रेसचं दार उघडलं, पिंपाचं झाकण उचललं आणि आत पाहत उभे राहिले. इतक्या दिवसांत निळीला हात न लागल्याने त्यांची नखं पांढरी दिसत होती. मी वाट पाहिली, पण त्यांनी पिंपाला काही विचारलं नाही. शेवटी मीच त्यांच्या मागे, डोक्याच्या बाजूला उभा राहून विचारलं, "कसं वाटतंय?"

मला वाटलं, तोच शब्द येणार. साडूंनी झाकण परत ठेवलं, ते नीट बसलं आहे ना ते पाहिलं, आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "बरं नाही वाटत."